दोन लाखांत टॅक्सी

हिशेबतपासणीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाबरोबर संसार कसा करावा, याचं शिक्षण कुठेच मिळत नाही. मिळत असतं तर मास्तरांनी पहिल्या बाकावर बसून घेतलं असतं. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला-शिक्षक, आणि हिशेबतपासणीतल्या त्या त्यांच्या पत्नी. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे हरकतबाई म्हणत, कारण त्यांच्या टेबलावरून एकही बिल हरकत घेतल्याशिवाय पुढे सरकलं नव्हतं. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नोकरी संपली तरी सवय संपली नाही. घरात पंखा बंद पडला तरी तीन दुकानांतून तीन लेखी कोटेशनं यायची, ती शेजारी शेजारी मांडली जायची आणि सगळ्यात स्वस्ताला काम मिळायचं. तोवर मास्तर पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचे.

तर अशा या बाईंच्या हाती एक जुनी टॅक्सी आली.

टॅक्सी दादांची. दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठे. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडून स्टिअरिंग धरलं आणि त्या टॅक्सीवर धाकट्या बहिणीला वाढवलं, शिकवलं, नोकरीच्या मुलाखतीला दारापर्यंत सोडलं. मग बहिणीचं लग्न ठरलं आणि त्याच महिन्यात टॅक्सीचं इंजिन बसलं. लग्न किंवा इंजिन, दोनातलं एकच होण्यासारखं होतं. दादांनी टॅक्सी विकली. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि त्या विकलेल्या टॅक्सीचं नाव पुन्हा काढलं नाही. बाईंनीही काढलं नाही. पण लग्नाचे फोटो त्यांनी कधी भिंतीवर लावले नाहीत. मास्तरांना वाटायचं, आपण फोटोत चांगले आलो नाही म्हणून.

या वर्षी मास्तर शिल्पासाठी लोखंड शोधायला भंगारवाल्याकडे गेले आणि पत्र्यांच्या ढिगामागे त्यांना ती दिसली. चाकं नाहीत, काचा नाहीत, मागच्या सीटवर एक मांजर बाळंतीण झालेली. त्यांनी खात्रीसाठी इंजिनाचा नंबर कागदावर उतरवून आणला. दादांनी तो कागद लांब धरून वाचला, दुमडून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एक पाकीट घेऊन बहिणीच्या दारात उभे राहिले.

"छोटे, हे दोन लाख," ते म्हणाले. बाई सहासष्ट वर्षांच्या झाल्या होत्या, पण दादांच्या लेखी त्यांची बढती झालीच नव्हती. "माझ्या मयतासाठी ठेवले होते. मयताचं काय, कुणी ना कुणी करतंच. उघड्यावर टाकत नाहीत. ती गाडी उभी कर. माझ्या वाढदिवसाच्या आत."

दोन महिन्यांनंतरच्या तीस तारखेला दादांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि ऐंशी पूर्ण झाली की वाहन चालवण्याचा परवाना संपतो, नवा मिळत नाही, असा नियम होता. दादांची नजर अजून अशी की रस्त्यापलीकडच्या दुकानातली किंमत वाचून महाग आहे म्हणायचे. पण नियम म्हणजे नियम. आणि नियमाविरुद्ध बोलायचं तर ते हरकतबाईंच्या घरात बसून कसं बोलणार?

"दोन लाखांत नाही झालं तर वरचे मी घालीन," बाई म्हणाल्या.

"एक दमडी घालायची नाही. तुझा पैसा लागला असं कळलं, तर मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. जिला मी वाढवलं तिच्या पैशावर मी चैन करायची? तुला हिशेब ठेवता येतो म्हणून तुझ्याकडे दिलंय. जमत नसेल तर सांग, पाकीट परत घेतो."

हिशेब ठेवता येतो का, असं बाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पाकीट घेतलं, पैसे दोनदा मोजले आणि दादांना पावती दिली. हाताशी दोन महिने आणि दहा दिवस होते.

गाडी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमध्ये आली. गॅरेजवाला पन्नाशीचा, कामात तरबेज आणि जिभेला हाड नसलेला. "बाई, गाडी माझ्यावर सोडा," तो म्हणाला, "पावणेदोनात उभी करतो, पंचवीस हजार तुम्हाला परत."

"अंदाजपत्रक द्या. लेखी."

"मनात आहे ना सगळं."

"मनातलं मला तपासता येत नाही."

इथून त्याचे हाल सुरू झाले. बाईंनी जाड वही काढली. इंजिन, पत्रा, रंग, सीट, वायरिंग अशी प्रत्येकाला वेगळी पानं. प्रत्येक कामाला तीन कोटेशनं, त्यांत गॅरेजवाल्याचं एक, आणि ज्याचं कमी त्याला काम. म्हणजे गाडी उभी याच्या गॅरेजमध्ये आणि तिच्यावर हात गावभरच्या कारागिरांचे. रेडिएटर एकाकडे गेला, सायलेन्सर दुसऱ्याकडे, सीटा तिसऱ्याकडे. एकदा गॅरेजवाल्यानं वैतागून चार बोल्ट न विचारता आणले, तर बाईंनी ते पुडीत बांधून परत पाठवले आणि दोन दिवसांनी तेच बोल्ट त्याच दुकानातून तीस पैशांनी स्वस्त आणवले. गॅरेजवाला मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, तुम्ही कसे राहता हो?" मास्तरांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

रंगाच्या वेळी बाईंच्या पद्धतीनं कळस गाठला. चारही दारांचं एकत्र काम द्यावं तर सगळ्यात स्वस्त रंगारी बावीस हजार मागत होता. बाईंनी प्रत्येक दाराची वेगळी कोटेशनं मागवली. बेरीज साडेसोळा हजारांवर आली. साडेपाच हजार वाचले म्हणून त्या दिवशी त्यांनी मास्तरांना बाहेर कॉफी पाजली, एकच मागवून दोघांत. चार दारं चार रंगाऱ्यांकडे गेली. सगळ्यांना सांगितलं होतं, गडद हिरवा. आठ दिवसांनी चारही दारं गाडीला बसली, तेव्हा एक दार शेवाळासारखं होतं, एक बाटलीसारखं, एक पोपटाला लाजवील असं, आणि चौथ्याबद्दल मास्तर बराच वेळ डोळे बारीक करून म्हणाले, "हा हिरवा नाहीच. हा निळा आहे, पण त्याला ते माहीत नाही."

"चालताना कुणाला दिसतंय?" बाई म्हणाल्या. पण रात्री जेवताना त्यांनी वहीतलं रंगाचं पान दोनदा उघडून पाहिलं.

तरी गाडी उभी राहत होती, हे खरं. इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी गॅरेजवाल्यानं टोपी हवेत उडवली आणि बाई दाराआड जाऊन डोळे पुसून आल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, धूर फार झाला. बावीस तारखेला वहीत ब्रेक सोडून सगळं काम पूर्ण होतं आणि ब्रेकसाठी सहा हजार आठशे उरले होते. बाईंनी तीन कोटेशनं मागवली. गॅरेजवाल्याचं नऊ हजार सहाशे, दुसऱ्याचं आठ हजार आणि तिसरं, बाजारामागच्या एकाचं, सहा हजार दोनशे.

"बाई, हात जोडतो," गॅरेजवाला म्हणाला. "दारं चार रंगांची चालतात. ब्रेक तसे चालत नाहीत. हा माणूस जुन्याच ब्रेकला नवं कातडं चिकटवून देतो."

"सगळ्यात कमी कोटेशन डावलायचं तर लेखी कारण लागतं."

"मरू आपण, हे कारण लिहा!"

बाईंनी ते कारण म्हणून धरलं नाही. काम बाजारामागे गेलं, पंचवीस तारखेला ब्रेक बसले आणि सहा हजार दोनशे मोजून दिले. सहाशे उरले. बजेटच्या आत. बाईंनी सहाशेच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि आयुष्यात फार थोड्या वेळा हसल्या तशा हसल्या.

सव्वीस तारखेला सकाळी मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर बसून छताच्या आतल्या बाजूला रंग लावत होते. गॅरेजसमोर थोडा उतार आहे. गॅरेजवाल्यानं हँडब्रेक ओढून ठेवला होता, पण तो हँडब्रेकही त्याच कातड्यावर भिस्त ठेवून होता. गाडी आपली आपण निघाली. फार जोरात नाही. एखादी बाई खरेदीला निघावी तशी, रमतगमत. मास्तरांना वाटलं, कुणी ढकलतंय. त्यांनी हातातला ब्रश न सोडता पायानं ब्रेक दाबला. काही झालं नाही. मग दोन्ही पायांनी दाबला, मग चौथ्या, निळ्याहिरव्या दाराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "अगं, जरा बघतेस का?"

बाई हातात वही घेऊन गाडीमागे धावल्या. सहासष्टाव्या वर्षी त्या धावू शकतात, हे त्यांनाही नवीन होतं. गाडी गल्ली ओलांडून फूटपाथवर चढली आणि गादीवाल्यानं दुकानाबाहेर रचलेल्या गाद्यांच्या थप्पीत नाक खुपसून थांबली. मास्तरांना खरचटलंही नाही. वरच्या दोन गाद्या फाटल्या आणि गल्लीभर कापूस झाला. गादीवाला बाहेर आला, कापसाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाराशेला एक. दोन झाल्या."

बाई फूटपाथवर बसल्या. नवऱ्याला काही झालं असतं, हा एक विचार. आणि हीच गाडी आणखी चार दिवसांनी दादा भर रस्त्यात चालवणार होते, हा दुसरा. दोन्ही एकदम आले. गॅरेजवाला धापा टाकत आला तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तुमचे ब्रेक बसवा. आजच. कोटेशन नको."

गॅरेजवाल्याला आपण काय ऐकतोय हे समजायला वेळ लागला. मग तो पाने आणायला पळाला.

ब्रेकचे नऊ हजार सहाशे. गाद्यांचे दोन हजार चारशे. शिल्लक सहाशे. अकरा हजार चारशे कमी. बाईंनी ते पेन्शनमधून दिले, आणि मग जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसल्या तेव्हा खरा पेच समोर आला. दादा हिशेब मागणार. दोन लाखांच्या वर गेलं आणि वरचे बहिणीनं घातले हे कळलं, की म्हातारा खाली उतरणार. परवाना तीस तारखेला संपणार. मग ही गाडी चार रंगांची दारं घेऊन गॅरेजमध्ये उभी राहणार आणि दादा तिच्याकडे कधी बघणार नाहीत. बाईंच्या लग्नासाठी गेलेली गाडी दुसऱ्यांदा जाणार, तीही बाईंच्याच काटकसरीपायी.

"इंजिनाचं बिल अडुसष्ट हजारांचं आहे," मास्तर मागून हळूच म्हणाले. ते बराच वेळ उभे होते. "आठाचा मी पाच करून देतो. तीन हजार तिथेच सुटले. एका दाराच्या रंगाचे साडेसहा हजार आहेत, त्यांचे दीड हजार, म्हणजे नुसता सहाचा एक. उरलेले किरकोळ बिलांत. शाई जुळवीन. अक्षराचं वळणही."

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मास्तर दोन पावलं मागे सरले. चौतीस वर्षं त्यांनी आठाचे पाच करणारे लोक पकडले होते. एकाला तर भिंग लावून पकडलं होतं, आणि तो रडला तरी सोडलं नव्हतं. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "काळी शाई वरच्या खणात आहे."

मास्तरांनी दुपारभर काम केलं, आणि काम अप्रतिम झालं. आयुष्यात त्यांच्या चित्राला कुणी बक्षीस दिलं नव्हतं. या बिलांना मिळालं असतं. बाईंनी भिंग घेऊन बिलं तपासली. कुठेही हरकत घ्यायला जागा नव्हती. एकूण खर्च, एक लाख नव्याण्णव हजार नऊशे ऐंशी. त्या न जेवता पडून राहिल्या.

तीस तारखेला सकाळी दादा आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, केसांना पाणी. गाडी गॅरेजबाहेर उन्हात उभी होती. दादांनी तिला एक पूर्ण फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला. चारही दारं बघितली.

"दारं अशी का?" त्यांनी विचारलं.

"नवीन फॅशन आहे," गॅरेजवाला म्हणाला.

दादा हसले. दादा हसलेले बाईंनी फार वर्षांनी बघितले. ते गाडीत बसले, सीट पुढे ओढली, आरसा बोटानं जरा कलता केला. किल्ली फिरवली. इंजिन लगेच बोललं. दादांनी डोळे मिटून ते ऐकलं आणि मग खिडकीतून विचारलं, "छोटे, किती झाले गं?"

त्या बिलांची फाइल बाईंच्या हातात होती. एक लाख नव्याण्णव हजार नऊशे ऐंशी, हा आकडा त्यांनी दोन दिवस घोकला होता. त्यांनी तोंड उघडलं.

"दोन लाख अकरा हजार चारशे."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. गॅरेजवाला आभाळाकडे बघायला लागला. बाईंना स्वतःलाच पत्ता नव्हता की हे आपल्या तोंडातून गेलं कसं. रकमेबद्दल विचारलं की खरी रक्कम सांगायची, एवढंच त्या तोंडाला येत होतं.

दादांनी इंजिन बंद केलं.

"वरचे कुणाचे?"

"माझे." आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "ब्रेकचे आणि गाद्यांचे. मी स्वस्तातले ब्रेक घेतले, ते लागले नाहीत. चूक माझी आहे दादा, गाडीची नाही. तू तिच्यावर राग नको काढूस."

दादा उतरले. दार हळू लावलं. गॅरेजसमोरच्या बाकावर जाऊन बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून गाडीकडे बघत राहिले. बाईंना वाटलं, पाया पडावं, ओरडावं, नाहीतर ती फाइल गटारात फेकावी. यातलं काहीच त्यांना येत नव्हतं. त्या फाइल छातीशी धरून उभ्या राहिल्या. उन्हं वर चढली. परवान्याचा दिवस एकेक मिनिटानं कमी होत होता.

"बहिणीचा पैसा मी घेत नाही," शेवटी दादा म्हणाले.

"माहीत आहे."

"जन्मात घेतला नाही."

"माहीत आहे रे."

दादा उठले. गाडीपाशी गेले, मागचं दार उघडलं, ते पोपटी, आणि दार धरून उभे राहिले. मग बाईंकडे न बघता, जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "भाडं मात्र घेतो. बसा बाई."

बाईंना कळेना. गॅरेजवाल्याला आधी कळलं. त्यानं फाइल त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांना पुढे ढकललं.

"अकरा हजार चारशे आगाऊ मिळालेत," दादा म्हणाले. "लांबचं भाडं आहे. बसा, उशीर होतोय."

बाई मागच्या सीटवर बसल्या. मास्तर लगबगीनं दुसऱ्या दाराशी आले, तर दादांनी हात आडवा केला. "माफ करा मास्तर. भाडं बाईंनी दिलंय. त्यांना विचारा."

"मी थांबतो," मास्तर म्हणाले आणि तिथल्या तिथे मागे वळून नाक शिंकरायला लागले.

गाडी निघाली. चौकात दादांनी ब्रेक दाबला आणि ती आज्ञाधारकपणे थांबली.

"कुठे जायचं, बाई?"

बाईंना आयुष्यात कुणी टॅक्सीवाल्यानं असा मोकळा प्रश्न विचारला नव्हता. त्या निघण्याआधी पत्ता, अंतर आणि अंदाजे भाडं लिहून काढत. "सरळ," त्या कशाबशा म्हणाल्या.

दादा सरळ निघाले. बाजारातून गेले, पुलावरून गेले, मोठ्या शाळेला वळसा घातला. एका वळणावर दुसऱ्या टॅक्सीवाल्यानं दारांकडे बघून शिट्टी मारली, तर दादांनी त्याला असा जुना, भरघोस हॉर्न दिला की तो बाजूला झाला. ताठ मान, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मागून फक्त पांढरी कॉलर दिसत होती. आपण लहानपणापासून हीच मान बघत आलो, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना रडू फुटलं. साधंसुधं नाही, लग्नापासूनच्या बेचाळीस वर्षांचं.

आरशात दादांचे डोळे दिसले. "बाई, काच खाली घ्या. धुकं धरतं."

बाईंनी काच खाली घेतली. "दादा, माझ्या लग्नात तू ही विकलीस. मी कधी विचारलंही नाही तुला, वाईट वाटलं का म्हणून. भीती वाटायची."

"पॅसेंजरशी घरगुती बोलत नाही आम्ही," दादा म्हणाले. एका चौकानंतर ते म्हणाले, "आठ दिवस वाटलं. मग तू पहिल्या पगारातून मला शर्ट आणलास. तीन दुकानं हिंडून."

ते पुढे जात राहिले. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना झाडं आली, रस्ता मोकळा झाला. दादांनी गाडी एका झाडाखाली बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं.

"भाडं संपलं. उतरा."

बाई उतरल्या. निघून तासही झाला नव्हता. कुठल्याही दरानं, कसाही गुणाकार केला, तरी अकरा हजार चारशे इतक्यात संपणं शक्य नव्हतं, हे त्यांच्या डोक्यात आपोआप मांडून झालं होतं. दादांनी आतून वाकून पुढचं दार ढकललं.

"आता पुढे ये, छोटे."

हिशेबात ढळढळीत चूक होती. बाई हरकत न घेता दादांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.